वारकऱ्यांची मोजदाद

शुक्रवार

नाशिकरोडला गाडीतून उतरल्या उतरल्या भाच्याने मफलर गुंडाळला. दुपारचे दोन वाजले होते, ऊन चांगलं होतं, पण निफाडची थंडी म्हणजे डोंबिवलीची थंडी नव्हे, ही आईची ताकीद त्याला पाठ होती. डिसेंबर-जानेवारीत दर दोन दिवसांनी 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी असतेच. तो पारा मोजतात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. आम्ही चाललो होतो त्याच निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरला, पाणपक्षी मोजायला.

हे नावही बहुतेकांच्या कानावर असतं ते बातम्यांमुळे. पावसाळ्यात 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग' हे वाक्य रोज ऐकू येतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात घातलेला हा दगडी बंधारा. वरच्या धरणांतून आणि शेतांतून वाहून आलेला गाळ शंभरेक वर्षं त्याच्या पोटात साठत गेला. पाणी अडवणाऱ्यांसाठी गाळ म्हणजे नुकसान. पण त्याच गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी उतरू लागले. १९८६ साली अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते हेच.

मैत्रीण गाडी घेऊन आली होती. ती नाशिकचीच. या मोजणीत मला तिनेच ओढलं, त्याला आता आठ वर्षं झाली. चांदोरीच्या रस्त्याला लागलो तशी समोरून दिंडी आली. पुढे भगवी पताका, मागे टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, शेवटी सामानाचा टेम्पो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, तिकडे निघालेले लोक. मैत्रिणीने गाडी कडेला घेतली आणि दिंडी पूर्ण जाईपर्यंत थांबली. भाचा खिडकीतून माणसं मोजत होता. "मावशी, एकशे बारा," तो म्हणाला. "पण मागची मंडळी सारखी पुढे येत होती, म्हणून नक्की नाही." मला बरं वाटलं. उद्या नेमकं हेच करायचं होतं, आणि 'नक्की नाही' हे न सांगताच त्याला कळलं होतं.

मुक्काम चापडगावात, एका द्राक्षबागायतदाराच्या घरी. वहिनींनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. जेवण होईतो भाऊ दोनदा उठून व्हरांड्यातला थर्मामीटर बघून आले. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, वर्षाची मेहनत एका पहाटेत जाते. म्हणून बागेत जागोजागी पालापाचोळ्याच्या शेकोट्या रचून ठेवल्या होत्या, पहाटे पेटवून धूर करायला. "तुम्ही पाखरं मोजा ताई," ते म्हणाले, "आम्ही रात्रभर डिग्री मोजतो."

शनिवार

पावणेपाचला उठलो. बागेत धूर सुरू झाला होता आणि ओळींच्या मधून कंदिलासारखे लाल ठिपके दिसत होते. गुळाचा चहा घेतला आणि सव्वासहाला पक्षी बघायच्या मनोऱ्याजवळ पोचलो.

समोर काहीच नव्हतं. धुकं इतकं दाट की मनोऱ्याची खालची पायरीही पुसट दिसत होती. पण आवाज येत होते, आणि ते मला दरवर्षी नव्याने चकित करतात. डावीकडून तरंग बदकांची शीळ, बारीक, शेवटी उतरत जाणारी. जवळच्या लव्हाळ्यातून जांभळ्या पाणकोंबड्यांचं खेकसणं. आणि खूप आतून, पाण्यावरून घरंगळत आल्यासारखी, चक्रवाकांची हाक. एक ओरडायचा, थोड्या वेळाने दुसरा. चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालते, असं जुने कवी सांगत आले. धुक्यात ती हाक ऐकली की ही कल्पना कुणाला तरी अशाच एखाद्या पहाटे सुचली असणार, असं वाटतं. चक्रवाक उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे असतो. इथली ही साद त्याच्या परगावातली.

"आवाजावरून लिहू का?" भाच्याने विचारलं. फॉर्म त्याच्याकडे होता. नको म्हटलं. चक्रवाक आहेत हे कळलं, पण किती, ते कळलं नाही. धुकं जाईपर्यंत थांबायचं.

थांबलो तेवढ्यात त्याला मोजणीची गोष्ट सांगितली. हिवाळ्यात पाणपक्षी मोजायची आंतरराष्ट्रीय मोहीम १९६७ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते, दर जानेवारीत. जानेवारीच का? कारण तोवर स्थलांतर करून येणारे पक्षी येऊन स्थिरावलेले असतात, आणि परतीची घाई अजून सुरू झालेली नसते. आज इथे दिसलेला थवा उद्या शेजारच्या जिल्ह्यात पुन्हा मोजला जाण्याची भीती कमी. शिवाय नर बदकं तोवर पूर्ण रंगात आलेली असतात. ऑक्टोबरात हीच बदकं मादीसारखी मळकट दिसतात, तेव्हा मोठे मोठे जाणकारही अडखळतात. आपल्या पाणथळीवर लोक मोजत असतात त्याच दिवसांत कुणी उझबेकिस्तानात, कुणी श्रीलंकेत मोजत असतं. तीस देशांवरून जाणारा हा मध्य आशियाई उड्डाणमार्ग, आणि त्यावरचं आपलं काम म्हणजे एवढ्या एका मनोऱ्यासमोरचं पाणी.

सव्वाआठला धुकं वर उचललं. एकदम नाही. आधी पाण्याची एक पट्टी दिसली, मग तिच्यावर काळे ठिपके, मग ठिपक्यांमागे आणखी ठिपके, आणि ऊन पोचलं तेव्हा ते सगळं पाणी भरलेलं होतं.

कामं वाटलेली होती. स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला मैत्रीण, हातातल्या दुर्बिणीला मी, लिहायला भाचा. डावीकडचं चिंचेचं झाड ते उजवीकडचा विजेचा खांब, एवढीच आमची हद्द. त्याच्या पलीकडे दुसरी तुकडी. डावीकडून उजवीकडे जायचं, मागे वळायचं नाही. मोजून झालेल्या भागात नंतर कुणी येऊन बसलं तर तो आपला नाही.

पहिला मान वारकऱ्यांचा. इंग्रजीत ज्याला कूट म्हणतात तो हा. सगळं अंग काळं, कपाळावर तेवढी पांढरीशुभ्र ढाल, गोपीचंदन लावल्यासारखी. मराठी माणसाने त्याला वारकरी म्हटलं यात नवल नाही. त्यातून तो एकटा कधी नसतोच. शेकड्यांनी, एकमेकांना खेटून, एकाच दिशेला तोंड करून पाण्यावर चाललेला असतो. भाच्याने स्कोपला डोळा लावला आणि गप्पच झाला. जरा वेळाने म्हणाला, "कालच्या दिंडीसारखं आहे, मावशी."

एक वारकरी काठाजवळच्या चिखलात चढून आला होता, वीस-पंचवीस फुटांवर. पाण्यात काळा दिसणारा पक्षी उन्हात खरं तर पाटीसारखा राखाडी. डोळा लाल, माणकासारखा. आणि पाय पाहावेत असे. बदकासारखा पडदा नाही, प्रत्येक बोटाला सांध्यासांध्यावर पानासारख्या पाळ्या फुटलेल्या, हिरवट राखाडी. पाय मागे घेताना पाळ्या मिटतात, रेटताना उघडतात. चिखलात उमटलेलं त्याचं पाऊल भाच्याने वहीच्या मागच्या पानावर काढून घेतलं.

मग मोजणी. थवा मोठा असला की एकेक मोजता येत नाही. आधी नीट दहा मोजायचे. ते दहा स्कोपच्या गोलात किती जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं, आणि तेवढा तुकडा थव्यावरून पुढे पुढे ठेवत जायचं. दहा, वीस, तीस. दाटी वाढली की पन्नासाचा तुकडा. मैत्रीण पुटपुटत होती, बोट टॅलीच्या, म्हणजे आकडे मोजायच्या यंत्राच्या बटणावर. मी माझं वेगळं मोजत होते. एकमेकींचा आकडा शेवटपर्यंत ऐकायचा नाही, हा आमचा नियम आहे.

ती तीनशेच्या पुढे गेली असेल, आणि सगळं पाणी उठलं.

दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला होता. तपकिरी मादी, लव्हाळ्यावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले, तरंगत. तिला बहुधा आजारी किंवा दमलेला कुणी सापडतो का एवढंच बघायचं असतं. पण तिच्या सावलीने बदकांचा धीर सुटला. तलवार बदकं सरळ उभी वर गेली, थापट्या बदकांच्या पंखांची घरघर झाली, वारकरी मात्र उडाले नाहीत. ते पाण्यावर धावत एकमेकांत घुसले, घट्ट, सतरंजीसारखे, आणि पाणी उडवू लागले. आकाशात चारपाचशे पक्षी फिरत होते आणि भाचा तोंड उघडं ठेवून वर बघत होता. पेन खाली पडलं होतं.

"आता?" त्याने विचारलं.

आता पहिल्यापासून. लिहिलेली ओळ खोडली. वीस मिनिटं थांबलो, सगळे पुन्हा बसले, पण वेगळ्या जागी. चिंचेच्या झाडापासून पुन्हा सुरुवात केली. यावेळी पूर्ण झालं. मैत्रिणीचा आकडा चारशे तीस, माझा पाचशे दहा. ऐंशीचा फरक. भाच्याने सुचवलं, मधला लिहू. तो गणितात हुशार आहे. पण फरक एवढा असला की आम्ही सरासरी काढत नाही, चूक शोधतो. तिसऱ्यांदा मोजताना माझी चूक सापडली. लव्हाळ्यापुढच्या दाटीतल्या चिमुकल्या टिबुकल्या मी वारकऱ्यांत धरल्या होत्या. आकडा चारशे चाळीस झाला. तोच लिहिला.

यानंतर काम भराभर झालं. थापट्या ओळखायला सोपा, चोच फावड्यासारखी, पुढे पसरट. दहाबारा थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल फिरून पाणी घुसळत होते आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून बारीक किडे गाळून घेत होते. तलवार बदकं, भुवई बदकं, तरंग, आपले इथलेच हळदी-कुंकू बदक. तीन राखी बगळे, एक जांभळा. मोर शराटींचा एक मोठा थवा, उन्हात वळला की तांब्याचा, सावलीत काळा. चक्रवाक चौदा. पहाटेपासून ऐकत होतो ते हेच चौदा, असं म्हणायला आधार नाही, पण मी मनाशी म्हटलं.

रब्बीचं आवर्तन सुटलेलं होतं, कालव्यात पाणी जात होतं, त्यामुळे बंधाऱ्यातली पातळी खाली आली होती आणि मधल्या बेटाभोवती ओला चिखल उघडा पडला होता. शेतकऱ्याला पाणी मिळतं तेव्हाच चिखलात चोच खुपसणाऱ्यांचंही पान वाढलं जातं. शेकाट्ये लांब गुलाबी पायांवर डौलात चालत होते. रफ आणि तुतवार खालमानेने टोचत होते. छोटे टिलवे इतके लहान की दूर गेले की चिखलात विरून जायचे. चिखलातल्या लहान पक्ष्यांपैकी तीसेक जणांची ओळख पटेना, ऊन समोरून होतं. फॉर्मवर 'अनोळखी चिखलपक्षी' अशी ओळ असते, तिथे लिहिले. भाच्याला हे आवडलं नाही. "त्यातले निम्मे टिलवेच असणार ना?" असतील. पण लिहायचं तेवढंच, जेवढं ओळखलं.

मग त्याने तो प्रश्न विचारला जो मीही पहिल्या वर्षी विचारला होता. मोजून होतं काय? मी त्याला रामसरचं गणित सांगितलं. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी देशांनी पाणथळींसाठी करार केला. एखादी पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवायला अनेक कसोट्या आहेत. त्यातली एक सांगते, तिथे नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असावेत. दुसरी सांगते, एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तरी तिथे असावेत. आता हा एक टक्का काढणार कशावरून? कुणीतरी सगळीकडचे आकडे जमवलेले असल्याशिवाय नाही. आणि ते आकडे येतात असेच, थंडीत उभं राहून कुणी तरी फॉर्म भरल्यामुळे. एका वर्षाच्या आकड्याला फार अर्थ नसतो. पण तीस-चाळीस वर्षं ओळीने ठेवले की कोण कमी होत चाललंय ते कागदच सांगतो. म्हणून फुगवून लिहिलेला आकडा हा सगळ्यात मोठा घात. तो पुढच्या वर्षीच्या खऱ्या घटीला खोटं पाडतो किंवा खोटी घट दाखवतो.

दुपारी बाराच्या सुमारास काठाने परत येताना भाच्यालाच ते दिसलं. बाभळीच्या खालच्या फांदीला काहीतरी लटकत होतं, झाडाच्या खोडासारखंच मातकट. मग ते फडफडलं आणि आतून पांढरं उघडलं.

वंचक होता. याला ढोकरीही म्हणतात. बसला की चिखलाच्या रंगाचा, कुणाच्या नजरेत न येणारा. उडाला की पंख पांढरेफेक. बघणाऱ्याला फसवतो म्हणून वंचक. त्याच्या उजव्या पंखाच्या सांध्याला नायलॉनचा मांजा गुंडाळला गेला होता. संक्रांत चार दिवसांवर होती. येवल्याची पतंगबाजी साऱ्या मुलखात प्रसिद्ध, आणि या भागात गावोगाव पोरं गच्चीवर असतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो. पतंग कटतो, दोरा झाडावर राहतो, आणि सुती दोऱ्यासारखा पावसात कुजत नाही.

मैत्रिणीने पहिल्यांदा आपली ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली. डोळ्यांपुढे अंधार झाला की पक्षी शांत होतो, आणि बगळ्याच्या जातीची चोच थेट माणसाच्या डोळ्याकडे येते, म्हणून मान आधी धरावी लागते. मान मी धरली. हातात काही वजनच नव्हतं. ओढणीखाली काळीज इतकं जोरात उडत होतं की माझी बोटं हलत होती. मांजा ओढायचा नसतो, कापायचा. तिने नखं कापायच्या कात्रीने तो तुकड्या-तुकड्याने कापला. एक फेरा कातडीत रुतला होता. तिथे पिसं रक्ताने चिकटली होती, आणि खाली बारीक पांढरं दिसत होतं. तो फेरा आम्ही काढला नाही. भाच्याने बिस्किटांचा खोका आणला, त्याला पेनाने भोकं पाडली, तळाशी आपला मफलर घातला. पाणी पाजू का म्हणाला. नको. घाबरलेल्या पक्ष्याच्या घशात ओतलेलं पाणी श्वासात जातं.

वनरक्षक दादांना फोन केला, ते अर्ध्या तासात मोटरसायकलवर आले. खोका मांडीवर घेऊन मागे एक गावातला पोरगा बसला. जाताना दादा म्हणाले, डॉक्टरांकडे नेतो, नाशिकला पाठवावं लागलं तर पाठवतो. आम्ही त्या बाभळीवरचा उरलेला मांजा गोळा केला. मूठभर झाला. शेजारच्या दोन झाडांवर आणखी होता, पण हात पोचेना. वहिनींच्या घरून आकडी आणून दुपारभर तेच काम केलं. मोजणीच्या दिवशी हे काम नसतं, पण त्या दुपारी दुसरं काही करावंसं वाटेना.

संध्याकाळी मनोऱ्यावर फक्त बघायला गेलो, वही न घेता. सूर्य बुडाल्यावर पूर्वेकडून, हरभऱ्याच्या शेतांवरून, क्रौंच आले. आधी आवाज, तुतारीसारखा, दूरवर पोचणारा. मग बाकदार ओळ, लांब माना पुढे, लांब पाय मागे. ते पाण्याच्या मधल्या उथळ भागात उतरले आणि तिथेच उभे राहिले. रात्र ते पाण्यात उभ्यानेच काढतात, म्हणजे कोल्हा-कुत्रा आला तर पाण्याच्या आवाजाने कळतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघंही बोललो नाही.

रविवार

सकाळी कोठुऱ्याच्या बाजूला गेलो. तिथे काम तासाभरात संपलं, कारण पाणी दिसतच नव्हतं. जलपर्णीने काठापासून काठापर्यंत गालिचा घातला होता. वरच्या शहरातलं सांडपाणी नदीतून येतं, त्यावर ती पोसते. बदकाला उतरायला पाणी लागतं. गालिच्यावर दोन कमळपक्षी लांब बोटं पसरून चालत होते, कडेला एक कवड्या खंड्या तारेवर बसून खाली बघत होता. त्याला मासा दिसायला पाण्याचा एक उघडा तुकडाही नव्हता. सुमारे पाऊण तास तो तिथेच होता. आम्ही निघालो तेव्हाही होता. पाच वर्षांपूर्वी याच ठिकाणी मी तरंग बदकं मोजली होती. यंदा त्या ओळीत काही लिहायचं नव्हतं. ती ओळ रिकामी सोडताना हात जड झाला, हे इथे लिहून ठेवते.

दुपारी वहिनींच्या ओसरीवर फॉर्म पक्के केले. पेन्सिलीचे आकडे शाईने. भाचा मोठ्याने वाचत होता, मैत्रीण तपासत होती, वहिनी तिळगूळ वळता वळता ऐकत होत्या. वारकऱ्यांचा आकडा आला तेव्हा त्यांनी हात जोडले.

फॉर्मच्या शेवटी पाणथळीची अवस्था आणि धोके लिहायची जागा असते. जलपर्णी लिहिली, सांडपाणी लिहिलं. तेवढ्यात वनरक्षक दादांचा फोन आला. वंचकाला टाके पडलेत, पंख कामाला येईल की नाही ते दोन आठवड्यांनी कळेल, पण रात्री त्याने स्वतःहून दोन मासोळ्या खाल्ल्या. भाच्याने फोन माझ्या हातून घेऊन "कोणत्या मासोळ्या?" असंही विचारलं.

मग फॉर्म पुढे ओढून त्याने त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'नायलॉन मांजा, बाभळीवर, मनोऱ्यापासून अंदाजे दोनशे पावलं. वंचक १, जखमी.' आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, मोजणीच्या रकान्यात पण हा धरायचा ना? तो आपल्या हद्दीतच होता."

चिंचेच्या आणि खांबाच्या मध्येच होती ती बाभूळ. धरला.